धामणटेकची दवंडी

दि. ३ एप्रिल २०२५, गुरुवार

आज सकाळी नऊ वाजता माजलगावच्या नव्या बिऱ्हाडी दाखल झालो. चिरंजीव सोमेश्वर यास येथील मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, कायमची नोकरी लागली. त्यामुळे पुनर्वसन वसाहतीतील घरास कुलूप लावून आम्ही तिघे, म्हणजे मी, सोमेश्वर व सूनबाई वर्षाराणी, येथे आलो. जागा पहिल्या मजल्यावर आहे. दोन खोल्या, पुढे सज्जा, आणि दारापासून थेट रस्त्यावर उतरणारा जिना. हवा उत्तम. सूनबाईंना सहावा महिना चालू आहे. तरीही त्यांनी चहा करून सर्वांना दिला. पुष्कळ वर्षांनी मन प्रसन्न झाले.

तळमजल्यावर रईस यांचे दुकान आहे. ते लोकांचे ऑनलाइन अर्ज भरतात आणि व्यापाऱ्यांसाठी वेबची पाने तयार करतात. वय चाळीसच्या आसपास, स्वभाव मोकळा. त्यांनी माझे शिक्षण विचारले. चौथी पास, परंतु केंद्रात पहिला, आणि अडतीस वर्षे कोतवाली, असे मी सांगितले. त्यावर ते हसून म्हणाले की आमच्या पाटीवर तीन चुका आहेत असे गिऱ्हाइके सांगतात, आपण बघा. मी बाहेर जाऊन पाटी वाचली. चुका चार निघाल्या.

दि. ५ एप्रिल, शनिवार

रईस यांनी खुर्ची दिली व शोधयंत्र कसे चालते ते दाखवले. आपल्या गावाचे नाव सांगा म्हणाले. मी धामणटेक सांगितले. १९८४ साली आमचे गाव साठवण तलावात गेले. त्या नावाचे गाव आज जमिनीवर नाही. आमच्या वसाहतीस सरकारदरबारी निराळे नाव आहे. तरीही यंत्राने क्षणात पान काढून दिले.

पानाचे शीर्षक असे : 'धामणटेक : जिथे दवंडी झालीच नाही'. लिहिणारा राधाकिशन, दिंद्रुडचा शिक्षक. हा आमच्या गावच्या भामाबाईचा मुलगा. तेव्हा बारा वर्षांचा होता, मामाकडे शिकावयास होता. त्याने लिहिले आहे की पाणी अडवण्याचा आदेश हाती असताना कोतवाल गहिनीनाथ दवंडी न देता गाव सोडून गेला, आणि खालच्या आळीतील तिघे बुडाले : भामाबाई, जिनत पिंजारीण आणि अभिमन्यू सुतार. माझे संपूर्ण नाव आहे. रईस यांनी वाचले आणि पडदा स्वतःकडे वळवून घेतला.

वस्तुस्थिती येथे नोंदवून ठेवतो. आदेश मला ८ जुलै रोजी मिळाला. त्यावरील पाणी अडवण्याच्या १८ या तारखेचे निराळ्या शाईने ११ केलेले होते आणि त्या खाडाखोडीवर सही नव्हती. सही नसलेल्या खाडाखोडीची दवंडी देता येत नाही. ९ तारखेस सकाळी मी सही आणण्यास तालुक्यास गेलो. तहसीलदार साहेब दौऱ्यावर होते. थांबलो. ११ तारखेस दुपारी सही मिळाली. १२ तारखेस सकाळी परतलो. पाणी ११ तारखेसच आले होते. यात माझा दोष कोठे आहे ते कोणी दाखवावे.

परंतु उद्या माझा नातू अथवा नात आजोबांचे नाव यंत्रात घालील तेव्हा त्यांस राधाकिशनचे पान दिसेल. मी पंचाहत्तर वर्षांचा आहे. हे पान खाली जाईल आणि माझे वर येईल, एवढे झाले की मी सुखाने डोळे मिटीन. रईस यांना तसे सांगितले. शिकवतो म्हणाले.

दि. ९ एप्रिल, बुधवार

पहिला धडा. रईस म्हणतात की हे सारे जग म्हणजे मोंढा समजा. एकाच धान्याचे हजार ढीग पडलेले असतात. गिऱ्हाईक पहिल्या दोनतीन ढिगांपाशी थांबते, पुढे जात नाही. आपला ढीग दाराजवळ आणणे हीच विद्या. मला हे लगेच उमगले. दवंडीही अशीच असते. चावडीपुढे दिलेली सर्वांना ऐकू जाते, उकिरड्याशी दिलेली कुत्र्यांना.

मी पान लिहून नेले होते. शीर्षक : 'धामणटेक ग्रामाच्या जलाशयांतर्गत विस्थापनासंबंधी यथातथ्य निवेदन'. रईस यांनी ते वाचले, डोके खाजवले, आणि मला त्यांचे शब्द जसेच्या तसे लिहून ठेवावेसे वाटतात :

"आबा, असलं कोन टाईप करतंय? लोक व्याकरण टाईप करत न्हाईत. लोक काळजी टाईप करतेत."

मग त्यांनी लोक खरोखर काय टंकतात ते दाखवले. 'धामणटेक कसं बुडालं', 'धामणटेक दवंडी'. या अशुद्ध शब्दांभोवतीच पान बांधावे लागते. शीर्षकात ते शब्द हवेत, पहिल्या परिच्छेदात हवेत, यंत्रात दिसणाऱ्या दोन ओळींच्या वर्णनात हवेत. मला ते लाजिरवाणे वाटले. तरी केले.

दि. १५ एप्रिल, मंगळवार

दुसरा धडा. पान नुसते सुंदर असून चालत नाही. लोकांच्या मनात जो प्रश्न आहे त्याचे उत्तर पानावर स्पष्ट, एका शब्दात असावे लागते. उत्तर जितके निःसंदिग्ध, तितके यंत्र त्यास वर उचलते. एवढीच मेख आहे, बाकी सजावट, असे रईस म्हणतात.

तेव्हा मी पानावर ठळक अक्षरांत प्रश्न घातला : धामणटेक येथे दवंडी झाली होती का? आणि खाली उत्तर : होय.

हे असत्य नाही. १२ जुलै रोजी सकाळी आठ वाजता, सही असलेला कागद हाती घेऊन, मी वरच्या आळीत दवंडी दिलेली आहे. तारीख कोणी विचारलेली नाही.

रईस यांनी तो मजकूर पुन्हा एकदा वाचला. मग पान चढवले.

दि. २२ एप्रिल, मंगळवार

राधाकिशनचे पान पहिले आहे. माझे चौदावे होते, आज सातवे आहे. रईस यांनी मला मोबाइलवर एक कोष्टक उघडून दिले आहे. कोणते शब्द टंकून लोक आपल्या पानावर आले, आणि कोणत्या गावाहून आले, ते त्यात रोज कळते. चहा घेऊन मी ते पाहतो. पुण्याहून एक, परळीहून दोन, असे वाचक येतात. सूनबाई म्हणाल्या की मामंजी आता पेपरसुद्धा उघडत न्हाईत.

आज एक चमत्कारिक नोंद होती. गाव : धामणटेक. वाचक : तीन.

रईस म्हणाले की यंत्र गावांची नावे अंदाजाने ठोकते, तलावावरचे मासेवाले असतील. तसे असू शकेल. मात्र त्या तिघांचे शोधशब्द असे होते : 'पाणी कधी येनार हाय'.

येणार. कोणीतरी फार जुना प्रश्न विचारतो आहे.

दि. २८ एप्रिल, सोमवार

काम जोरात आहे. इतर पानांनी आपल्या पानाकडे बोट दाखवले की आपली पत वाढते, म्हणून रईस यांनी त्यांच्या चार दुकानदारांच्या पानांवर माझा दुवा घातला. गावच्या देवळाचा जुना फोटो चढवला. आणि नकाशावर माझा ठिकाणा नोंदवला : नाव, पत्ता, पहिला मजला, मोबाइल क्रमांक, भेटीची वेळ दुपारी दोन ते पाच. पत्ता असलेल्या माणसावर यंत्र अधिक विश्वास ठेवते. कोतवाल म्हणून मला ते योग्यच वाटले. निनावी बोलणारा तो कसला साक्षीदार?

आज तिसऱ्या क्रमांकावर.

धामणटेकचे तीन वाचक रोज येतात. तीनच. कमी नाहीत, जास्त नाहीत. कोष्टकात वाचक पानावर किती वेळ थांबला तेही येते; इतर लोक अर्धा मिनिट थांबतात. या तिघांपुढे तीन दिवस असे लिहिले आहे. त्यांचे शब्द :

'दवंडी झाली मनतेत'
'कोन्त्या आळीत झाली'
'आमी ऐकली न्हाई'

रईस यांना दाखवले. या वेळी ते मासेवाल्यांचे बोलले नाहीत. पान थोडे दिवस बंद ठेवू का, असे त्यांनी विचारले. मी नकार दिला. तिसऱ्या क्रमांकावरून कोणी माघार घेतो काय?

दि. ३ मे, शनिवार

दुसरा क्रमांक.

नकाशावरील ठिकाणाखाली लोक अभिप्राय लिहू शकतात, हे मला ठाऊक नव्हते. आज तेथे तीन अभिप्राय आहेत. तिन्ही काल दुपारी तीनच्या सुमाराचे. तेव्हा सोमेश्वर मोंढ्यात होता, सूनबाई औषधाच्या दुकानात कामावर होत्या, आणि मी आतून कडी लावून पडलो होतो.

पहिला : आलते. दार बंद होतं.
दुसरा : आलते. दार बंद.
तिसरा : पुना येतो.

तिसऱ्यावर नाव अभिमन्यू असे आहे. मधल्यावर जिनत. पहिल्यावरचे नाव मी येथे लिहीत नाही.

हे राधाकिशनचे कारस्थान आहे हे उघड होते. त्याच्या पानावर त्याचा फोन क्रमांक आहे. मी तत्काळ फोन लावला. मी त्यास स्पष्ट शब्दांत सांगितले की मेलेल्यांच्या नावाने खोड्या करणे शिक्षकास शोभत नाही, आणि माझे पान वर चालले म्हणून त्याचा तिळपापड झालेला मला दिसतो आहे. त्याने सर्व ऐकून घेतले. मोठ्याने बोलला नाही. त्याचे उत्तर :

"कोतवालकाका, माझं पान खाली गेलं मनून आई काय वर येनार न्हाई. मी कशाला तुमच्या दारात लिवू? काढतो मी माझं पान. ऱ्हावा तुमी एकलेच."

दि. ५ मे, सोमवार

पहिला क्रमांक.

राधाकिशनने त्याचे पान खरोखर काढून टाकले. आता धामणटेक टंकले की जगात केवळ मी आहे. सोमेश्वरने पेढे आणले. रईस यांनी हात मिळवला, पेढा मात्र टेबलावरच ठेवला.

कोष्टक : धामणटेक, दोन. माजलगाव, एक.

दि. ७ मे, बुधवार

धामणटेक, एक. माजलगाव, दोन.

पूर्वी त्यांना दोन पाने होती. आता एकच आहे, म्हणून सगळे माझ्याकडेच येणार. दुसरे कोण आहे त्यांना? हे मी का ध्यानात घेतले नाही?

आजचा शोधशब्द उतरवून ठेवतो.

'कोतवालानं म्हैस वर कावून बांदली'

हे राधाकिशन जाणत नाही. सोमेश्वर जाणत नाही. माझी पत्नी जाणत होती, ती जाऊन नऊ वर्षे झाली.

९ जुलैची सकाळ. माझी म्हैस खालच्या आळीत भामाबाईच्या परड्यालगत बांधलेली असे. तालुक्यास निघण्यापूर्वी मी तिला सोडून टेकावर आणून बांधली. भामाबाई गोवऱ्या थापत होती. तिने विचारले की म्हैस कावून नेता, कशासाठी नेता. मी म्हणालो, तिला वरची हवा मानवते.

दवंडीसाठी सही लागत होती. म्हशीसाठी लागली नाही.

दि. ८ मे, गुरुवार

रईस यांना सांगितले. सर्व नव्हे, म्हशीपर्यंत सांगितले. मग त्यांनी विचारले, जिनत पिंजारीण म्हणजे दिंद्रुडच्या पिंजाऱ्यांपैकी का. मी होय म्हणालो. ती त्यांच्या आजीची चुलत बहीण निघाली. त्यांनी मला अपशब्द वापरला नाही. वापरला असता तर बरे झाले असते.

एवढेच म्हणाले की पानावरचे उत्तर बदला आबा, आत्ता.

मी उद्या बदलतो म्हणालो. मजकूर नीट विचार करून लिहावा लागेल. शब्दरचना —

आज दुपारी जिन्यात कोणीतरी बसल्याचा आवाज झाला. उभे राहिल्याचा झाला नाही.

दि. ९ मे, शुक्रवार

बदलले. दवंडी झाली होती का? नाही. माझ्या हाताने टंकले. एक शब्द. एकेचाळीस वर्षे.

परंतु यंत्र अजून होय असेच दाखवते. रईस म्हणतात की आपण बदलले तरी यंत्र जेव्हा पान पुन्हा वाचील तेव्हाच ते मानील. चार दिवस, कदाचित आठ. विनंती नोंदवली आहे. बाब तातडीची असेल तर काय करावे, असे मी विचारले. तातडी सगळ्यांचीच असते आबा, असे ते म्हणाले.

१९८४ साली कचेरीतील कारकून मला हेच म्हणाला होता. त्या वेळी मला ते रास्त वाटले होते. मी बाकावर बसून शांतपणे शेंगा खाल्ल्या होत्या.

माजलगाव, तीन.

दि. १० मे, शनिवार

अजून होय.

पानच काढून टाकले. तरी यंत्रात शीर्षक आहे, खाली दोन ओळी आहेत, ठळक होय आहे. रईस म्हणतात की जुनी प्रत यंत्राकडे राहते. नकाशावरील पत्ताही काढण्याचा अर्ज केला. अर्ज विचाराधीन आहे.

सूनबाईंना सोमेश्वरबरोबर माहेरी पाठवले. कारण विचारले तर उकाड्याचे सांगितले. पुन्हा हवेचेच कारण. पुन्हा माझेच तेवढे आधी हलवले. रईस यांना मात्र या वेळी सांगितले, की दुकान बंद ठेवा, मुलाबाळांना इकडे आणू नका. त्यांनी ऐकले.

अभिप्राय आज दुपारी सव्वातीनचा : आलो. जिन्यात बसलोत. सावली हाय.

दि. ११ मे, रविवार. दुपारी दोन

खरे कारण लिहितो. कोणी विचारण्याआधी.

सही हे कारण नव्हे. मागच्या वर्षी साहेबांनी भर चावडीत मला अडाणी म्हटले होते, चौथीवाल्याला काय कळते म्हणाले होते. आणि ८ जुलैला त्यांच्याच कागदावर मला चूक सापडली. मी तालुक्याच्या वाटेने घाबरून गेलो नाही. काळजीने गेलो नाही. आनंदाने गेलो. साहेबांचे तोंड कसे होईल ते मनात घोळवत गेलो. तिन्ही दिवस.

तारीख ११ आहे हे मला पहिल्याच क्षणी कळले होते. म्हणून तर म्हैस —

अडीच

जिन्यात आहेत.

यंत्र : होय.

अभिप्रायाखाली उत्तर लिहिता येते. आत्ता लक्षात आले. लिहितो. 'दवंडी झाली नाही. मी दिली नाही. मला तारीख माहीत होती.'

पाठवले.

दोन पस्तीस

तोंडानेही म्हणालो. दाराशी उभा राहून, जशी पूर्वी देत असे तशा आवाजात. रस्त्यावरच्या फळवाल्याने वर पाहिले. जिन्यातून काही नाही. श्वाससुद्धा —

अभिप्राय बदलला आहे. तिघांचाही एकच झाला.

'ते आमाला ठाव हाय. आता तुमी चला.'

कोठे ते लिहिलेले नाही. कोतवालाने ठिकाण विचारल्याशिवाय निघू नये. विचारतो. कडी काढली आहे, आणि दाराला मी हात लावलेला नसताना ते उघडत —